आजची हवा आधी, ऋतूचं नाव मागून : बालवाडीतल्या मुलांसाठी खेळांचा क्रम

जून उजाडला की बालवाडीच्या भिंतीवर ऋतूंचा तक्ता लागतो. त्यावर बर्फाचा माणूस असतो आणि लाल-पिवळी पानं गळणारं झाड असतं. नाशिकमधल्या चार वर्षांच्या मुलाने यातलं काहीच पाहिलेलं नसतं. त्याने पाहिलेलं असतं ते थिजलेलं खोबरेल तेल, डब्यातली द्राक्षं, गच्चीवरच्या कुरडया, दारामागे ठिबकणारा रेनकोट. तरी आठवडाभरात ते ‘ऋतू तीन : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा’ असं घडाघडा म्हणून दाखवतं. मग मार्चमध्ये एक अवकाळी सर येते आणि तेच मूल ‘पावसाळा आला’ म्हणत नाचतं.

यात मुलाचं काही चुकत नाही, शिकवण्याचा क्रम चुकलेला असतो. आपण नाव आधी देतो, मग चित्र, मग गाणं, आणि अनुभव उरल्यासुरल्या वेळात. खालच्या टप्प्यांत हे उलटं केलं आहे. आधी अंगाला लागणारी हवा, मग त्या हवेशी खेळ, मग शब्द, मग नोंद. ‘ऋतू’ हा शब्द अशा पुष्कळ नोंदी जमल्यावर. ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत, बालवाडीत किंवा घरीही हे करता येतं.

## तयारी : कधी आणि काय

तीन ऋतू एकाच आठवड्यात उरकू नका. जो ऋतू बाहेर आहे तोच आत. नाशिकला पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो आणि शाळाही त्याच सुमारास उघडतात, म्हणून सुरुवात पावसापासून. ऑक्टोबरमधला उकाडा ही दुसरी वेळ. डिसेंबर-जानेवारी थंडीसाठी. मार्च ते एप्रिलचा मध्य उन्हासाठी. प्रत्येक वेळी खेळांना दोन-तीन आठवडे द्या. मधल्या काळात फक्त रोजची पाच मिनिटं चालू ठेवा.

सामान फार लागत नाही :

- सात रंगांचे कार्डशीटचे चौकोन, प्रत्येकी ५ सेंमी. रंगवाटणी पहिल्या टप्प्यात दिली आहे.
- महिन्याला एक लांब पट्टी, साधारण १२५ सेंमी लांब आणि १२ सेंमी रुंद. एका महिन्याचे २५ कामाचे दिवस तिच्यावर मावतात.
- सरळ भिंतीची १ लिटरची पारदर्शक प्लास्टिक बाटली. मध्ये बारीक कंबर किंवा नक्षी असलेली नको.
- सारख्या मापाचे तीन पातळ सुती रुमाल, ३० सेंमी चौरस.
- घट्ट झाकणाच्या दोन छोट्या पारदर्शक बाटल्या आणि शुद्ध खोबरेल तेल.
- परात, वाळू, तांब्या, लोकरीची कानटोपी, जाड खडू.

काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर वर्गात आणूच नका. फुटला तर पारा गोळा करणं अवघड, आणि या वयात आकडा मुलांना काही सांगतही नाही. खोबरेल तेल तेच काम जास्त चांगलं करतं.

एका खेळाला तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी १० मिनिटं, पाच-सहा वर्षांच्यांसाठी १५ ते २० मिनिटं धरा. पाण्याच्या खेळात सहा ते आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

सावधान : बादलीत चार बोटं पाणी असलं तरी लहान मूल तोंडावर पडून बुडू शकतं. खेळ संपला की पाणी लगेच ओता, ‘नंतर आवरू’ म्हणू नका. चिंचोके, मणी, हरभरे अशा वस्तू चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका.

## टप्पा १ : रोजची पाच मिनिटं

सगळ्या वर्षाचा कणा हाच. इथे चुकलं तर पुढचे खेळ नुसती गंमत होऊन जातात.

१. मुलांना दारात, ओट्यावर किंवा गच्चीवर न्या. खिडकीतून बघणं चालणार नाही, कारण काचेतून गारवा कळत नाही.

२. आधी वर बघायला सांगा, पण सूर्याकडे नाही. ‘आभाळ कसं दिसतंय?’

३. मग डोळे मिटून दोन्ही हात पुढे. ‘हाताला कसं लागतंय?’

४. उत्तरं येऊ द्या. ‘मला तर गार वाटतंय’ असं आपण आधी बोललो की सगळा वर्ग गारठतो.

५. आत येऊन त्या दिवशीचं पाळीचं मूल दोन चौकोन चिकटवतं. वरच्या ओळीत आभाळाचा, खालच्या ओळीत अंगाचा.

दोन ओळी कशाला, असा प्रश्न पडेल. बहुतेक हवामान-फलकांत ऊन, ढग, पाऊस आणि थंडी अशी चित्रं एकाच ओळीत असतात. नाशिकच्या जानेवारीत सकाळी हुडहुडी भरते आणि आभाळ मात्र निरभ्र असतं, लख्ख ऊन असतं. मुलाने सूर्य लावायचा की स्वेटर? बहुतेक मुलं सूर्य लावतात, आणि पट्टीवर जानेवारी व एप्रिल सारखेच दिसू लागतात. म्हणून आभाळ वेगळं, अंग वेगळं.

आभाळ : ऊन पिवळा, ढग राखाडी, पाऊस निळा, धुकं पांढरा.
अंग : गार जांभळा, बरं वाटतंय हिरवा, गरम लाल.

मतभेद झाला तर हात वर करून ठरवा. धावून आलेल्या मुलाला गरम वाटतं, नुकतंच उठून आलेल्याला गार, आणि दोघंही खरं सांगत असतात. बाहेर जायची वेळ मात्र रोज तीच ठेवा. एक दिवस नऊला आणि दुसऱ्या दिवशी बाराला गेलात तर पट्टीवर ऋतूऐवजी तुमचं वेळापत्रक उमटेल.

तपासा : तीन आठवड्यांनी मुलं न विचारता वर बघून काही बोलू लागली आहेत का? ‘आज राखाडी लावायचा’ असं दारातच ऐकू आलं तर पुढे जा. नसेल तर आणखी आठवडाभर एवढंच करा.

## टप्पा २ : पाऊस

### पाऊस मोजायची बाटली

बाटली बनवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत, म्हणून हे सावकाश वाचा.

१. बाटलीचा निमुळता गळा जिथे संपून भिंत सरळ होते, तिथे आडवी कापा. कापायचं काम मोठ्यांचं.

२. कापलेला वरचा भाग बूच काढून उलटा करा आणि नरसाळ्यासारखा आत बसवा. दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या पाहिजेत. कडेला जाड चिकटपट्टी लावा, नाहीतर बोट कापेल.

३. तळाशी थोडे धुतलेले खडे घाला. बाटली कलंडत नाही.

४. खडे आणि तळाचा सपाट नसलेला भाग बुडेपर्यंत पाणी ओता आणि तिथे पक्क्या शाईने रेघ मारा. ही शून्याची रेघ. हिच्याशिवाय पहिल्या दिवसाची नोंद हमखास चुकते, कारण तळाच्या खोलगट भागात पाणी वेगळंच चढतं.

५. उघड्यावर चार विटांच्या मध्ये उभी करा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान त्याच्या दुप्पट लांब. वळचणीखाली ठेवली तर पन्हळीचं पाणी मोजलं जाईल.

मोजायचं रोज एकाच वेळी. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. तुम्ही शाळा भरण्याची वेळ धरा, पण ती बदलू नका. बाटलीला निळ्या कागदाची अरुंद पट्टी लावा, शून्याच्या रेघेपासून पाण्याच्या पातळीपर्यंत खूण करा आणि तेवढाच तुकडा कापून भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशीचा तुकडा शेजारी. आठवड्यात आलेख तयार होतो आणि एकही आकडा लिहावा लागत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ‘एक बोट, दोन बोटं’ असं मोजू द्या. शिक्षकांसाठी एवढंच : सरळ भिंतीच्या बाटलीत रेघेच्या वर १ सेंमी पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस.

सोमवारची पट्टी सुट्टीच्या दिवसांचीही असते, तिला वेगळ्या रंगाची कडा लावा. मोजून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत खाली आणा. शुक्रवारी किंवा शनिवारी बाटली पूर्ण रिकामी करा आणि ताजं पाणी भरा. साचलेल्या पाण्यात डास होतात.

### हाताचा पाऊस

मुलं गोलात बसतात. तळहातावर एक बोट, मग दोन, मग चार, मग टाळ्या, मग मांड्या, शेवटी पाय. नंतर त्याच क्रमाने परत शांततेकडे. आवाज वाढत जाईल तसा शब्द द्या : भुरभुर, रिमझिम, सर, मुसळधार. शब्द इथे चिकटतात, कारण हात तोच आवाज काढत असतात. गडगडाटाला घाबरणाऱ्या मुलाला स्टीलचं ताट वाजवायचं काम द्या. आवाज आपल्या हातात आला की भीती बरीच उतरते. कान झाकून बसायचं असेल तर बसू द्या, ओढू नका.

### कोण भिजतं, कोण नाही

कागद, सुती रुमाल, छत्रीचं कापड, प्लास्टिकची पिशवी, केळीचं पान, अळूचं पान. प्रत्येकावर चमच्याने पाच थेंब. आधी अंदाज, मग थेंब. अळूवर पाण्याचे मोती गडगडतात, तिथे मुलं अर्धा तास रमतात. अळूचा देठ काढून टाका आणि मोठ्यांनीच हाताळा, चीक खाजतो.

### वर पाऊस, खाली पूर (पाच वर्षांपुढे)

नाशिकच्या मुलांचा एक प्रश्न इतरत्र सहसा येत नाही : शहरात ऊन आहे, मग गोदावरीला पाणी कुठून वाढलं? उत्तर परातीत दाखवता येतं.

१. परात एका बाजूने ४-५ सेंमी उचलून ठेवा.

२. उंच बाजूला ओल्या वाळूचा ढीग. हा त्र्यंबकचा डोंगर, जिथे गोदावरी उगम पावते. तिथून खालपर्यंत बोटाने चर ओढा.

३. मध्ये मातीचा बांध, त्याला छोटी खाच. हे गंगापूर धरण.

४. खाली चरात एक उभी प्लास्टिकची बाहुली. गुडघा, कंबर, छाती या ठिकाणी रेघा.

५. तांब्याने पाणी फक्त डोंगरावर ओता. बाहुलीच्या आसपास एक थेंबही नको.

बाहुलीच्या गुडघ्याला पाणी लागलं की मुलं ओरडतात. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून नाशिककर पूर मोजतात, हे सांगायची वेळ हीच. वाळू कोरडी असेल तर सगळं पाणी ती पिऊन टाकते आणि खेळ फसतो. ती आधी भिजवून घ्या.

सावधान : पूर दाखवायला मुलांना घाटावर नेऊ नका. वर्तमानपत्रातला फोटो पुरतो. विजा चमकत असताना बाटली बघायलाही बाहेर पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास थांबा.

शेव्हिंग फोममध्ये रंग टाकून केलेला ‘बाटलीतला ढग’ सध्या सगळीकडे दिसतो. दिसतो छान, पण मुलाच्या डोक्यात ढग म्हणजे फेस एवढंच उरतं. त्यापेक्षा बर्फाचं पाणी भरलेला स्टीलचा पेला मधे ठेवा आणि बाहेरून घामेजताना बघा. जुलैत तो लगेच ओला होतो. हाच खेळ एप्रिलच्या कोरड्या हवेत करा. बराच वेळ वाट बघावी लागते, आणि ते बघणं हाच धडा.

## टप्पा ३ : ऑक्टोबर आणि रुमालाचा खेळ

पाऊस परतला की ऊन एकदम टोचतं. मुलांना हा बदल जाणवतो पण त्याला नाव नसतं. ‘ऑक्टोबर हीट’ म्हणा, ‘उकाडा’ म्हणा, पण त्याला उन्हाळा म्हणू नका. पट्टी बोलेल नंतर.

या टप्प्याचा मुख्य खेळ रुमालाचा, आणि तो वर्षातून चारदा तसाच करायचा : जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. एकच खेळ चार हवांमध्ये केला की फरक हवेचाच असतो, हे मुलाला न सांगता कळतं.

१. तिन्ही रुमाल कोरडे. प्रत्येकावर ३ छोटे चमचे, म्हणजे १५ मिली पाणी. मुलं चमचे मोजतात.

२. पाणी रुमालभर चोळून पसरवा. पिळायचं नाही.

३. एक उन्हात दोरीवर, दुसरा सावलीत दोरीवर, तिसरा बंद डब्यात.

४. अंदाज घ्या : कोण आधी वाळेल?

५. वेळ घड्याळाने मोजू नका, रोजच्या कामांनी मोजा. गोष्ट झाली, बघा. डबा झाला, बघा. घरी जायची वेळ झाली, बघा.

एप्रिलच्या उन्हातला रुमाल गोष्ट संपेपर्यंत वाळलेला असतो. जुलैतल्या ढगाळ दिवशी डबा खाऊन झाला तरी तो ओलसर लागतो. डब्यातला दर वेळी ओलाच राहतो, आणि ‘त्याला वारा नाही’ हे मुलंच शोधून काढतात.

फसतं कुठे? बहुतेक ठिकाणी रुमाल बादलीत बुडवून मुलांकडून पिळून घेतले जातात. एकाची मूठ घट्ट, दुसऱ्याची सैल. मग सावलीतला आधी वाळतो आणि शिक्षक गोंधळतात. चमचे मोजून पाणी घातलं की हा प्रश्नच येत नाही. दुसरी चूक घडी पडलेला रुमाल. दोरीवर सपाट हवा, चिमटे दोन.

वाऱ्यासाठी वेगळा टप्पा लागत नाही. खिडकीबाहेर जुन्या ओढणीची मीटरभर पट्टी बांधा. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, थंडीत दिशा बदलते. पट्टी कुठल्या झाडाकडे उडते एवढंच विचारा. भिरभिरं करायचं असेल तर १५ सेंमीचा चौकोन घ्या, चारही कोपऱ्यांतून मध्याकडे दोन तृतीयांश कापा, आणि टाचणीचं टोक मागून रबराच्या तुकड्यात रोवा. संक्रांतीला येवल्याचे पतंग चर्चेत असतात, तेव्हा मुलांच्या हाती कागदी शेपूट आणि साधा सुती दोरा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तो वर्गात नमुना म्हणूनही नको.

## टप्पा ४ : थंडी

### खोबरेल तेलाची बाटली

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. नाशिकच्या डिसेंबरात सकाळ त्याच्या खूप खाली असते आणि दुपारचं ऊन त्याच्या वर नेतं. एकाच दिवसात तेल दोन्ही रूपं दाखवतं.

१. दोन्ही बाटल्या अर्ध्याच भरा. पूर्ण भरल्या तर तेल हलताना दिसत नाही.

२. झाकणं चिकटपट्टीने बंद करा.

३. ऑक्टोबरपासूनच खिडकीत ठेवा, काही न बोलता. मुलांना आधी ‘पातळ’ माहीत हवं.

४. एखाद्या सकाळी कोणीतरी ओरडेल : ‘तेल पांढरं झालं!’ त्या दिवसाची वाट बघा. फ्रीजमध्ये ठेवून आधीच करून दाखवलंत तर शोध तुमचा होईल, मुलांचा नाही.

५. मग एक बाटली मुलं मुठीत धरतात, पाळीपाळीने. दुसरी उन्हात. कडेने तेल सुटू लागतं.

‘थिजलं’ आणि ‘वितळलं’ हे शब्द त्याच क्षणी द्या.

बाटली थिजतच नसेल तर लेबल वाचा. केसांच्या बऱ्याच सुवासिक तेलांत इतर तेलं मिसळलेली असतात आणि ती थंडीतही पातळ राहतात. शुद्ध खोबरेलच हवं. पावसाळ्यातल्या एखाद्या गार सकाळी तेल दुधट दिसलं तर तेही पट्टीवर मांडा, लपवू नका.

### स्वेटर ऊब देतो का? (पाच वर्षांपुढे)

विचारून बघा, सगळी मुलं म्हणतील, ‘स्वेटर गरम असतो.’ बरेच पालकही तेच म्हणतात.

बर्फाचे दोन सारखे खडे दोन छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बंद करा. एक लोकरीच्या जाड कानटोपीत गुंडाळा, दुसरा वाटीत उघडा. कुठला आधी वितळेल? जवळजवळ सगळे टोपीवर बोट ठेवतात. २० ते ३० मिनिटं थांबा, मध्ये उघडून बघू नका. टोपीतला खडा मोठा निघतो. मुलांना एकच वाक्य द्या : ‘टोपी गरम नसते, ती बाहेरची ऊब सहज आत येऊ देत नाही आणि आतली सहज बाहेर जाऊ देत नाही.’ तुमच्या अंगाची ऊबच स्वेटर राखून ठेवतो, हे मुलं थोड्या वेळाने स्वतः जोडतात. नाही जोडलं तर पुढच्या वर्षी जोडतील. हा खेळ दुपारी करा. सकाळच्या गारठ्यात दोन्ही खडे सावकाश वितळतात आणि फरक लवकर दिसत नाही.

बर्फ तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. खडा घशात अडकू शकतो.

### धुकं की धूर?

मुलं हे दोन शब्द अदलाबदल करतात आणि मोठेही सोडून देतात. गार सकाळी बाहेर ठेवलेल्या आरशावर ‘हाऽऽ’ करायला सांगा. आरसा धुरकट होतो, बोटाने पुसला की बोट ओलं. धुकं ओलं असतं. उदबत्तीच्या धुरावर शिक्षकांनी दुरून आरसा धरून दाखवावा. तिथे बोट ओलं होत नाही. वर्गात किंवा अंगणात शेकोटी पेटवू नका, चित्र पुरे.

निफाडकडच्या मुलांना कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत रात्री शेकोट्या का पेटवतात, हे ठाऊक असतं. अशा मुलाला त्या दिवशी शिक्षक होऊ द्या. द्राक्षाच्या घडाला थंडी वाजते, हे त्याच्या तोंडून ऐकलेलं वर्ग विसरत नाही.

तपासा : थंडीच्या शेवटी तीन पट्ट्या शेजारी लावा. डिसेंबर-जानेवारीत वर बहुतेक पिवळा आणि खाली जांभळा असा जोड दिसतो का? सगळीकडे हिरवा दिसत असेल तर बाहेर जायची वेळ उशिराची आहे. ती तासभर अलीकडे घ्या.

## टप्पा ५ : ऊन

मार्चपासून बाहेरचे खेळ सकाळी दहाच्या आत. घसरगुंडी, लोखंडी फाटक, फरशी यांना मुलांआधी आपला हात उलटा लावून बघा. सावलीचा खेळ तेवढा दुपारचा, आणि तो पाच मिनिटांतच आटोपायचा.

सावली. महिन्यातून एकदाच, पण त्याच जागी आणि त्याच वेळी. नाशिकला सूर्य डोक्याजवळ येतो तो घड्याळाच्या बाराला नाही, तर साडेबारा ते पाऊणच्या सुमारास. एका मुलाला खुणेवर उभं करा आणि त्याची सावली खडूने काढा. शेजारी महिना म्हणून रंगाचा ठिपका. मीटरभर उंचीच्या मुलाची सावली डिसेंबरच्या शेवटी जवळपास ९५ सेंमी भरते, मार्चच्या मध्यात ती ४० सेंमीवर येते. मेच्या २० तारखेच्या आसपास नाशिकला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. शाळेला सुट्टी असते, म्हणून पालकांना चिठ्ठी द्या. ही जुळणी जुलैतही एकदा होते, पण तेव्हा ढग सहसा दिसू देत नाहीत. दर वेळी तेच मूल उभं करा आणि खडूच्या सावलीची लांबी सुतळीने मापून ठेवा. पावसाने खडू धुऊन जातो.

माठ. माठ आणि स्टीलची कळशी, दोन्हींत सारखं पाणी, तीन तासांनी हात लावायचा. माठ बाहेरून ओला लागतो, पाणी गार. नवा माठ आधी रात्रभर भिजवा. रंग किंवा लुकण दिलेला माठ पाझरत नाही, म्हणून गारही करत नाही. हाच खेळ जुलैत केला की दोन्हींतला फरक बराच कमी होतो, कारण दमट हवेत पाणी सावकाश वाळतं. रुमालाची आठवण मुलंच काढतात.

वाळवण. घरी कुरडया, पापड, सांडगे होत असतात. एक ओली आणि एक वाळलेली कुरडई वर्गात आणायला सांगा. ‘आजी हे जुलैत का करत नाही?’ एवढा एकच प्रश्न. मुलांची उत्तरं ऐका आणि पुढे काही समजावू नका.

खाऊ. जानेवारी ते मार्च द्राक्षं, एप्रिलमध्ये कैरी, जूनच्या सुरुवातीला जांभूळ, पावसात मक्याचं कणीस. चवीला ऋतूचा रंगीत ठिपका लावा. सावधान : अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात नेमकं बसतं. पाच वर्षांखालच्या मुलांना उभे चार तुकडे करूनच द्या. आडवे दोन केले तरी ते गोलच राहतात. बोर आणि जांभूळ बी काढून.

## टप्पा ६ : अवकाळी सर आली तर

नाशिककडे फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी पाऊस, कधी गारपीटही होते. द्राक्ष-कांद्याचं नुकसान होतं, घरात काळजीचं बोलणं असतं आणि मूल मात्र उड्या मारतं. या दिवशी ‘हा पावसाळा नाही’ असं सांगून विषय बंद करू नका. उलट निळा चौकोन लावायला सांगा. मग पट्टी दाखवा : ‘या महिन्यात निळे किती? जुलैच्या पट्टीवर किती?’ एका बाजूला पिवळ्या-लाल गर्दीत एकटा निळा, दुसऱ्या बाजूला निळ्यांची रांग. आज पाऊस पडला आणि तरी उन्हाळाच आहे, हे अवघड वाक्य इथे डोळ्यांना दिसतं.

गारा वेचायच्या त्या पूर्ण थांबल्यावर, वीज नसताना, आणि वाटीत. खायच्या नाहीत.

## टप्पा ७ : आता ऋतूचं नाव

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जमलेल्या सगळ्या पट्ट्या जमिनीवर क्रमाने पसरा. मुलं बाजूने चालत जातात. निळा कुठे दाट आहे, तिथे छत्री ठेवा. जांभळा कुठे, तिथे कानटोपी. लाल कुठे, तिथे माठाचं झाकण किंवा उन्हाची टोपी. मग सांगा : छत्रीजवळच्या पट्ट्या मिळून पावसाळा, कानटोपीजवळच्या हिवाळा, माठाच्या झाकणाजवळच्या किंवा उन्हाच्या टोपीजवळच्या उन्हाळा. ऑक्टोबरची पट्टी कुठे बसवायची यावर भांडण होईल. होऊ द्या, मधेच ठेवली तरी चालते.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी ‘पावसाचे दिवस’ आणि ‘पाऊस नसलेले दिवस’ एवढेच दोन ढीग. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर ही सहा नावं प्राथमिक शाळेवर सोडा. पाठ होतात, पण त्यांना धरायला मुलाकडे अजून काही नसतं.

## शेवटची तपासणी : बाहुलीची पिशवी

‘ऋतू किती?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर पोपटही देतो. त्याऐवजी बाहुली, एक पिशवी आणि वस्तूंचा ढीग ठेवा : छत्री, रेनकोट, कानटोपी, सुती टोपी, मोजे, पाण्याची बाटली, रुमाल, शाल.

एका मुलाला सांगा, ‘बाहुली डिसेंबरात निफाडला मामाकडे चालली आहे.’ दुसऱ्याला, ‘जुलैत इगतपुरीला.’ तिसऱ्याला, ‘एप्रिलमध्ये मालेगावला.’ प्रत्येकाने चारच वस्तू भरायच्या आणि प्रत्येक वस्तू का घेतली ते सांगायचं.

गुण वस्तूला नाही, कारणाला. इगतपुरीच्या पिशवीत शाल निघाली आणि मूल म्हणालं, ‘भिजली की तिला हुडहुडी भरेल,’ तर ते बरोबर आहे. मामाच्या पिशवीत छत्री निघाली आणि कारण आलं ‘आवडते म्हणून’, तर त्या मुलाला पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्या टप्प्यापासून घ्या. कारण मुलाच्याच शब्दांत, तारखेसह, त्याने चिकटवलेल्या एखाद्या चौकोनाच्या मागे लिहून ठेवा. पालकांना दाखवायचं असेल तर तेच दाखवा.